माती काढलेला वाफा

गणपती बसले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आमच्या रत्नागिरीत हमखास एक उघडीप येते. पाऊस गेलेला नसतो, शेजारच्या खोलीत जाऊन जरा टेकलेला असतो. कौलांवरून वाफ निघते, कुंपणाच्या गडग्यांच्या जांभ्यावर शेवाळ चमकतं, आठ दिवस कुबट वास धरून लटकलेले कपडे एकदाचे वाळतात, आणि बाजारात तेरड्याच्या जुड्या येतात. मुळांसकट उपटलेला, गुलाबी फुलांचा रानतेरडा. घाटावरच्या गौरी मुखवट्यांच्या, साड्या नेसणाऱ्या, दागिने घालणाऱ्या. आमच्याकडे मात्र पुष्कळ घरांत गौर म्हणजे हा तेरडाच. मुळं ही तिची पावलं. ती धुवायची, हळदकुंकू लावायचं आणि तिला घरात घ्यायचं.

या जुड्या दिसल्या की मी मान वळवते. नवऱ्याला वाटतं मला फुलांची ॲलर्जी आहे. तेहतीस वर्षांच्या संसारात त्याने एकदाही गजरा आणलेला नाही, त्यामुळे ही ॲलर्जी त्याच्या चांगलीच पथ्यावर पडली आहे. मीही कधी खुलासा केला नाही. आमच्या घरी गणपती दीड दिवसाचा, गौरी नाहीतच, तेव्हा प्रश्न कधी पुढे आला नाही. तेरड्याचा रंग तीन दिवस, असं म्हणतात. माझ्या मनावरचा तेवढा चौतीस वर्षं उडाला नव्हता.

यंदा गणपती पोचवून आलो आणि दुसऱ्या सकाळी चहा पीत बसलो होतो. नवरा पेपर मोठ्याने वाचत होता. त्याला निवृत्तीनंतर लागलेली ही सवय आहे. वाढदिवस, निधन, पाण्याची वेळ, सगळं तो मला ऐकवतो.

"वनस्पती उद्यानातल्या वाफ्यांची नव्याने मांडणी," त्याने वाचलं. "जुने वाफे काढले."

"काढले? कुठले काढले?"

"आता वाफ्यांना काय नावं असतात? काढले म्हणतायत."

बाकीच्यांचं मला माहीत नव्हतं, पण एका वाफ्याला मी मनात नाव दिलेलं होतं, आणि ते चांगलं नव्हतं. तो वाफा मी घातलेला होता. गौरी यायच्या आदल्या संध्याकाळी, एका बाईला दिलेला शब्द मोडून.

त्या वर्षी मी सव्वीस वर्षांची होते. वनस्पतीशास्त्राची पदवी ताजी होती आणि अक्कल कच्ची. उद्यानात आषाढ ते दिवाळी अशी हंगामी नेमणूक मिळाली होती, काम वाफ्यांवर देखरेख करायचं. ही बाग शहराबाहेर सड्यावर आहे. सडा म्हणजे आमचं जांभ्याचं उघडं पठार, काळपट, खरबरीत, उन्हाळ्यात तव्यासारखं तापणारं. कडेला उभं राहिलं की खाली समुद्र दिसतो, आणि वारा असा की ओढणी सांभाळायची की कागद, हे रोज ठरवावं लागे. मला सरळ रेषांचं भारी वेड. दोरी धरून, खुंट्या मारून मी वाफे आखून घेई. कडेला विटा तिरक्या बसवून त्यांना एकाआड एक गेरू आणि चुना. कर्दळ कर्दळीच्या रांगेत, क्रोटन क्रोटनच्या रांगेत. शाळेच्या कवायतीत मुलं उभी करतात तशी मी झाडं उभी केली होती, आणि एखादं रांगेबाहेर झुकलं तर मला रात्री जेवण जात नसे.

आणि या सगळ्याच्या मधोमध एक मोकळा कातळ होता. अंगणाएवढा. त्यावर काही लावलेलं नव्हतं, कारण माती नव्हती. मला तो कातळ बागेच्या डोक्यावरच्या टकलासारखा वाटे.

इथे माझी बाजू थोडी मांडते. ज्याच्या दाराशी काळी माती हातभर खोल आहे त्याला हे कळणार नाही. आम्हा कोकणातल्या माणसांना माती म्हणजे पुण्य. माझ्या आजोळी आंब्याची बाग आहे, ती कातळावर आहे. सुरुंगाने खड्डे पाडून, खालच्या मळ्यातली माती टोपल्यांनी डोक्यावरून वर नेऊन, एकेक कलम उभं केलेलं. माझी आई लहानपणी त्या टोपल्या वाहत असे, आणि पुढे आयुष्यभर तिने ते असं सांगितलं की जणू काशीयात्राच केली. ज्याने कातळावर माती टाकली त्याचं नाव आमच्याकडे चार माणसांत घेतात. उघडा कातळ म्हणजे आळस. तेव्हा मोकळा कातळ दिसला आणि माझे हात शिवशिवले, यात माझ्या घराण्याचाही हात होता.

बागेत रोजंदारीवर आठ-दहा बायका होत्या. त्यांच्यात पुढारी इंदूवहिनी. तेव्हा चाळिशीच्या आसपास, काटकुळ्या, अनवाणी. पावसात बुळबुळीत झालेल्या कातळावरून आम्ही चपला हातात घेऊन सरपटत चालत असू, आणि त्या डोक्यावर घमेलं घेऊन घरातल्या ओटीवरून चालावं तशा जात. फार बोलत नसत. मी दिवसभर सूचना देई, त्या "व्हय बाई" म्हणत आणि जे योग्य असेल तेच करत. पुष्कळदा ते माझ्या सूचनेपेक्षा वेगळं असे आणि झाड जगलेलं असे.

एकदा दुपारच्या सुट्टीत त्या मला त्या कातळाशी घेऊन गेल्या. श्रावणातली भुरभुर चालू होती. "बाई, वाकून बगा," त्या म्हणाल्या. मी वाकले. कातळाच्या खळग्यांत बोटभर पाणी साचलेलं, त्यात इवलीशी निळी-जांभळी फुलं. सीतेची आसवं म्हणतात त्यांना. कडेला पांढऱ्या बटणांसारखे गेंद. आणि जिथे फटीत चिमूटभर माती धरली होती तिथे तेरडा, वीतभरच उंच, पण फुलांनी भरलेला. मी त्या सगळ्यांची लॅटिन नावं घडाघडा सांगितली. वहिनींनी ऐकून घेतली. आज वाटतं, नावं सांगायची घाई केली नसती तर कदाचित फुलं दिसली असती.

मग त्यांनी सांगितलं ते असं. बाग होण्याआधी हा सडा त्यांच्या माहेरच्या वाडीचा, गुरं चारायचा. पुढे भाऊ मुंबईला गेले, आईवडील गेले, घर बसलं आणि त्याचे चिरेही कुणी उचलून नेले. सासरी गौर नदीवरून आणायची रीत. पण लग्नाच्या वर्षीच सासूने मोकळीक दिली होती की तुझ्या माहेरच्या सड्यावरून आण. तेव्हापासून त्या गौर या कातळावरून नेत. बाग झाली, कुंपण आलं, त्या बागेतच कामाला लागल्या, पण गौर इथूनच.

"माज्या म्हायेरचं येवडंच रवलंय," कातळावर हात टेकून त्या म्हणाल्या. "तुमी हितं काय करायचं ता करा. पन गौर जाईपरेंत हात लावू नका."

मी म्हटलं, "नाही लावणार. शब्द देते."

शब्द द्यायला काही लागत नाही. मला त्या दिवसांत कसलीच चणचण नव्हती, शब्दांची तर नाहीच.

मुंबईहून कुणी मोठे पाहुणे बाग बघायला येणार होते, ते गणपतीनंतर. अचानक निरोप आला की ते आधीच येतायत, उद्या सकाळी. साहेबांनी मला बोलावलं आणि खिडकीतून कातळाकडे बोट दाखवून विचारलं, "हे असंच ठेवणार काय?" बस. एवढंच. त्यांनी हुकूम सोडला नाही, मी थांबा म्हटलं असतं तर थांबलेही असते. पण माझ्या अंगात वारं भरलं. खालच्या बाजूला एका घराचा पाया खणत होते, तिथली भातमळ्याची लाल माती लॉरीने मागवली. वहिनी सणाच्या तयारीला रजेवर होत्या. दुपारी बारापासून घमेली फिरत होती. सीतेची आसवं, गेंद, तेरडा, सगळं दीड वीत मातीखाली गेलं. चार वाजेपर्यंत विटा बसल्या, पाचपर्यंत कर्दळीच्या सात रांगा उभ्या राहिल्या. मी दोरी धरून बघितलं. एक रोप इकडचं तिकडे नव्हतं. खोटं कशाला सांगू, मला फार आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी गौरी यायच्या होत्या. त्याच संध्याकाळी वहिनी तेरड्याला उद्याचं आमंत्रण द्यायला आल्या. हिरवी साडी, नवी चोळी, हातात तबक, त्यात हळदकुंकू, पाण्याचा गडू, निरांजन. त्या वाफ्यापाशी येऊन थांबल्या. मी पुढे गेले आणि पाहुण्यांचं, साहेबांचं, बदललेल्या दिवसाचं भराभर सांगू लागले. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. सांगून सांगून मी थांबले तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमी माती घातलाव, बाई. माती घालन्याला वंगाळ कसा म्हनायचा?"

रागावल्या असत्या तर मी उलट बोलले असते. रडल्या असत्या तर समजूत घातली असती. त्यांनी माझ्याच घराण्याची समजूत माझ्या हातात परत ठेवली. मग तबकावर पदर घालून त्या फाटकाकडे वळल्या. मला त्यांच्या मागे जाता आलं असतं. मी विटा मोजत उभी राहिले.

सकाळी बघते तो तिसऱ्या रांगेत एक कर्दळ नाही. मधलीच. पुढचा दात पडल्यासारखी रांग दिसत होती. मी पहारेकऱ्यावर तोंड टाकलं, रात्री गाय घुसली कशी म्हणून. तो शपथा घेत राहिला. पाहुणे आले, माझ्या वाफ्यावरून चालत गेले, घड्याळ बघितलं, शहाळ्याचं पाणी प्यायले आणि रत्नागिरीचा नारळ फार गोड म्हणून निघून गेले. ज्यासाठी केला अट्टाहास, तो हा.

दिवाळीला नेमणूक संपली. वहिनी तोवर रोज कामाला येत, "व्हय बाई" म्हणत, आणि मी त्यांच्या नजरेला नजर देत नसे. मला संगमेश्वरला शाळेत नोकरी लागली आणि मी सुटले असं मला वाटलं. तिथे मी तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. दरवर्षी सहलीच्या वेळी सगळे म्हणत, बाई, तुम्ही वनस्पतीवाल्या, रत्नागिरीच्या बागेत मुलांना तुम्हीच न्या. दरवर्षी माझं डोकं दुखे किंवा घरी पाहुणे येत. एकदा तर मी हट्टाने सहल आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला नेली. तिथे वनस्पतीशास्त्राचा संबंध दूर्वांपुरताच, पण मुलांना समुद्र आवडला आणि मी वाचले.

वर्गात मात्र कातळ शिकवायची वेळ आली की माझा आवाज बदले. मुलांना सांगे, उघडी जागा म्हणजे रिकामी जागा नव्हे. फळ्यावर लिहून घेई. मुलं वहीत उतरवून घेत, परीक्षेत लिहीत, मी त्यांना पैकीच्या पैकी गुण देई. हे प्रायश्चित्त फार सोपं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. अवघड होतं ते तिथे जाणं. तासा-दीड तासाच्या अंतरावर असूनही मी गेले नाही, आणि आता निवृत्त होऊन रत्नागिरीत राहायला आल्यावर तर त्या रस्त्याची रिक्षासुद्धा केली नाही. मोडलेला शब्द दुसऱ्याला किती बोचतो हे आपल्याला कधीच कळत नाही. आपण आपलंच कुसळ मोजत बसतो.

तर परवा, गौरी यायच्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला छत्री घेऊन मी निघाले. नवऱ्याला म्हटलं, बाजारात जाते. तो म्हणाला, तेरडा असेल सगळीकडे, शिंका येतील. मी म्हटलं, येऊ देत.

फाटक तेच. आत गेले आणि माझे पाय अडखळले, कारण माझ्या रेषा नव्हत्या. एकही नाही. विटा गेल्या, गेरू-चुना गेला. वाट वळत वळत उतरत होती आणि वाफे तिच्याबरोबर वळत होते. एका ठिकाणी खाडीकाठची झाडं, एका ठिकाणी डोंगरउतारावरची, खालच्या सखल भागात चक्क भात लावलेलं, पोटरीला आलेलं. पाट्याही बदललेल्या. पूर्वी मी लॅटिन नाव मोठं आणि मराठी नाव बारीक लिहून घेतलेलं, आता उलट होतं. माझं सगळं काम कुणीतरी ओल्या फडक्याने फळा पुसावा तसं पुसलं होतं. राग यायला हवा होता. मी वाट बघितली, पण तो येईना. उलट छातीवरचं काहीतरी सैल होत होतं.

एक तरुण बाई, पायात गमबूट, हातात वही, माझ्याकडे आली. ती इथली अधिकारी. मी मुकाट्याने एकेक वाफा निरखते आहे हे बघून ती म्हणाली, "काकू, जुनी बाग बघितली होती का तुम्ही?"

"बघितली होती थोडी," मी म्हटलं.

"ती सगळी कंपासपेटी घेऊन आखलेली होती. कुणी केली होती देव जाणे."

"असं?" मी म्हटलं. साठीतही माणूस किती भित्रा असू शकतो ते मला त्या क्षणी कळलं.

"चला, तुम्हाला आमचा सगळ्यात कठीण वाफा दाखवते," ती म्हणाली. "तिथे आम्ही काही लावलंच नाही. फक्त काढलं. दोन वर्षांपूर्वी पूर्ण उन्हाळा माती काढत होतो. शेवटी खराट्यांनी झाडलं, पाण्याने धुतलं. पूर्वी कुणीतरी कातळावर भर घातली होती. इथल्या एका जुन्या बाईंनी सांगितलं म्हणून कळलं. आणि ती माती वाया नाही गेली हां, ती खाली भाताला दिली."

मला खाली पोटरीला आलेलं ते भात आठवलं. भाताची माती, भाताला गेली. मी तिच्यामागे चालू लागले.

आणि मग तो कातळ.

तोच. अंगणाएवढा, काळपट, खरबरीत, धुऊन निघालेला. खळग्यांत पाणी, पाण्यात आभाळ. या वेळी मी कुणी न सांगता वाकले. गुडघे कुरकुरले, पण वाकले. निळ्या-जांभळ्या फुलांचा थवा खळग्याच्या कडेने उभा होता, प्रत्येक फूल तांदळाच्या दाण्याएवढं. गेंद होते. लालसर केसांवर चिकट थेंब धरून दवबिंदूची कीटकभक्षी रोपटी किड्यांची वाट बघत होती. फटीफटीतून तेरडा वर आला होता, वाऱ्याने एका अंगाला कललेला. एक लहानशी पाटी होती: येथे काही लावलेले नाही. जे येते ते आपले आपण येते. मी एकाचंही लॅटिन नाव घेतलं नाही. मला रडू आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं. हरवलेलं मूल यात्रेत सापडलं की आई आधी त्याला धपाटा घालते, तसं मला कुणीतरी धपाटा घालावा असं वाटत होतं.

"कोन त्या? वाफेवाल्या बाई काय?"

कातळाच्या पलीकडे, चिऱ्याच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. हिरवी साडी. शेजारी तबक. पाय अनवाणी, तेच. अधिकारी बाई हसून म्हणाली, "याच त्या आमच्या इंदूआजी. दरवर्षी एक जुडी त्यांची ठरलेली असते." आणि फाटकाशी कुणी हाक मारली म्हणून ती तिकडे गेली.

मी वहिनींपुढे जाऊन उभी राहिले. चौतीस वर्षं घोकलेलं वाक्य होतं माझ्याकडे, किती वेळा घासूनपुसून ठेवलेलं. "वहिनी, मी तुम्हाला शब्द दिला होता," मी सुरू केलं, "आणि त्या दिवशी मी..."

"बसा हितं," त्या म्हणाल्या. "मातीचा सांगताव ना? ती रवली कुठं तुमची माती? त्याच पावसात निम्मी व्हावून खाली पंपाच्या खोलीमागं गेली. कातळावर माती ऱ्हाते काय, बाई? मुळं धरायला काय तरी नको? आनि मातीसंगती तेरड्याचा बी गेला. तिथं तेरडा असा माजला, असा माजला, माज्या कंबरंयेवडा. पुडल्या वर्सापासना माजी गौर तिथनं. एक वर्स काय ता चुकला. एकच."

"एकच?" मी विचारलं.

"तुमाला सांगायला संगमेश्वरला येनार व्हते. मंग म्हटला, बाई शाळंत, आपन काय तेरड्याचा सांगत बसायचा." त्या पदराने तोंड पुसून हसल्या. "आनि पंपामागचा बी मीच आनून हितं टाकला, ह्यांनी माती काडली तवा. बोंडा पिकली की हात लावला की फुटतात, म्हाईत हाय ना? ओंजळभर न्यायची नि कातळावर फोडायची. बाकीचा आपला आपन आला. ता कुटं जात नाय."

म्हणजे मी चौतीस वर्षं वाहिलेलं ओझं पुढच्याच श्रावणात वाहून गेलं होतं, माझ्याच मातीबरोबर. मी तेवढी मागे राहिले होते. स्वतःचा गुन्हा आपण केवढा मोठा समजतो. त्यातही एक मानपान असतो. मी एका बाईचं माहेर बुडवलं, असं म्हणत मी इतकी वर्षं मिरवत होते, आणि बाई दरवर्षी पंपाच्या खोलीमागे जाऊन कंबरेएवढी गौर घेऊन घरी जात होती. मला इतकं हलकं वाटलं की हसूच आलं.

"मग त्या वर्षी काय नेलंत?" मी विचारलं. "रिकाम्या हाताने गेलात?"

वहिनी जराशा खाली बघू लागल्या. "ता सांगायचा ऱ्हावलाच व्हता. तुमच्या वाफ्यातली एक करदळ नेली. सकाळच्या पारी, कोन नाय बगून. सासू म्हनली, ही कुठली गौर? मी म्हटला, ही सरकारी."

तिसरी रांग. मधलीच. मी त्या बिचाऱ्या पहारेकऱ्याला गाईवरून काय काय बोलले होते ते आठवलं, आणि आम्ही दोघी त्या चिऱ्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. कातळावरून वारा येत होता. खाली समुद्र राखाडी होता, आणि दूर मिरकरवाड्याच्या बाजूला होड्या बंदरात दाटीने उभ्या दिसत होत्या.

"वहिनी," हसू ओसरल्यावर मी म्हटलं, "तरी मला माफी मागायचीच आहे."

"मंग मागा, पन नंतर. आता गौर उचलायची हाय." त्यांनी तबक पुढे केलं. "सुनेचा पाय मुरगाळलाय, आनि माजे गुडघे पाखाडी उतरताना ऐकत नायत. तुमीच घ्या. आमच्यात गौर घेतली की बोलायचा नाय नि मागं बगायचा नाय. घर येईपरेंत."

मी म्हटलं, "मी? वहिनी, मी कशी..."

"कशी म्हंजे? दोन हात हायत ना?"

त्यांनी स्वतः तेरड्याची पाच रोपं निवडली. बोटं मुळाशी घालून, कातळाच्या फटीतून, न तोडता, न ओढता, हळूच सोडवून घेतली. मुळांना चिमूटभर माती लागली होती. गडूतल्या पाण्याने ती धुतली, हळदकुंकू लावलं, आणि जुडी माझ्या हातात दिली. ती ओली, गार आणि अगदी हलकी होती.

पाखाडी म्हणजे आमच्या वाड्यांना जोडणारी जांभ्याच्या पायऱ्यांची वाट. बागेच्या मागच्या दाराने ती खाली उतरते. मी पुढे, वहिनी मागे काठी टेकत. पायऱ्यांवर शेवाळ होतं, मी चपला काढून टाकल्या. बोलायचं नव्हतं. जन्मभर वर्गात बोलणारी बाई मी, आणि आज पहिल्यांदा मला त्या न बोलण्याची गरज पटली. तोंडाशी आलेलं वाक्य एकेका पायरीबरोबर सुटत गेलं. आधी पाहुणे गेले, मग साहेब गेले, मग बदललेला दिवस गेला. खालच्या घरांतून उकडीचा वास येत होता, कुठे आरती चालू होती. मागे बघायचं नव्हतं, त्यामुळे फक्त काठीचा आवाज ऐकत होते, की त्या आहेत.

घर आलं. मातीची ओटी, दारात रांगोळीची पावलं आतपर्यंत गेलेली. सून एक पाय लांब करून उंबऱ्याच्या आत बसली होती, पायाला पट्टी. अनोळखी बाईच्या हातात गौर बघून ती दचकली, मग माझ्यामागे सासूला बघून तिने पदर सावरला आणि रीतीप्रमाणे विचारलं, "कोन आला?"

हे मला ठाऊक होतं. "गौर आली," मी म्हटलं. बराच वेळ न बोलल्याने आवाज घोगरा निघाला.

"कुटनं आली?"

हे ठाऊक नव्हतं. या घरात काय उत्तर देतात ते वहिनींनी सांगितलं नव्हतं, आणि मागे वळून विचारायची सोय नव्हती. काठीचा आवाज थांबला होता. त्या माझ्या बोलण्याची वाट बघत होत्या. तेरड्याच्या मुळांतून एक थेंब माझ्या पायावर पडला.

"माहेराहून आली," मी म्हटलं. "सड्यावरून."

मागून इंदूवहिनी म्हणाल्या, "बरोबर."

आणि मी उंबरा ओलांडला.